घरातला निर्णय आणि बाळंतिणीचा जीव

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या समारंभात डॉक्टरने बोलावे आणि तेही बाळंतपणावर, हे आपल्यापैकी काहींना थोडे विचित्र वाटेल. चिटणीससाहेबांना मी विषय कळवला तेव्हा तेही क्षणभर थांबले आणि म्हणाले, “डॉक्टरीणबाई, समोर मुलेही बसलेली असतील.” मी म्हटले, “मुले बसलेली असतील म्हणूनच हा विषय घेते.” कारण बाळंतिणीचा जीव वाचतो की जातो, हे पुष्कळदा दवाखान्यात ठरत नाही. ते घराच्या ओटीवर ठरते. आणि उद्या त्या ओटीवर बसून निर्णय घेणारी माणसे आज या सभागृहात बसली आहेत.

आधी एक हकीकत सांगते. ती १९८३ सालची आहे. मी नुकतीच सरकारी नोकरीत लागले होते आणि कोकणात खाडीकाठच्या एका लहान दवाखान्यात माझी नेमणूक झाली होती. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक मुलगा धावत आला. त्याच्या भावजयीला पहाटे घरीच मुलगी झाली होती. दाईने बाळ व्यवस्थित काढले, पण वार पुरती पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हते. मी गेले. बाळंतीण वीस-एकवीस वर्षांची असेल. नाडी जलद चालली होती, हातपाय गार पडू लागले होते. मी सासूबाईंना म्हटले, “चाची, हिला आत्ताच्या आत्ता तालुक्याला हलवायला हवे. रक्त द्यावे लागेल.” त्या म्हणाल्या, “मुलगा कुवेतला आहे. त्याला विचारल्याशिवाय मी कशी नेऊ? उद्या काही झाले तर तो मला विचारील.” सासरे हयात नव्हते. धाकटा दीर सायकलवरून तालुक्याच्या पोस्टात ट्रंक कॉल लावायला गेला. कॉल लागायला दुपारचे तीन वाजले. पलीकडून तो बिचारा ओरडून म्हणाला, “विचारता काय? घेऊन जा!” मग खाडी ओलांडायला होडी मिळेना, कारण ओहोटी लागली होती. तालुक्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तिथे तिच्या गटाचे रक्त नव्हते. रात्री ती गेली. बाळ जगले.

त्या रात्री मी सासूबाईंना फार बोलले. आज त्याचे मला वाईट वाटते. त्यांचे सुनेवर प्रेम नव्हते असे नाही. त्या दिवशी त्या घरात निर्णय घेण्याचा अधिकार असलेले माणूसच हजर नव्हते. सासूला अधिकार नव्हता, दिराला नव्हता, आणि जिचा जीव जात होता तिला तर कोणी विचारलेच नाही.

मित्रहो, पुढे अकरा वर्षांनी, १९९४ साली, सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधक महिलांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. गरीब देशांत बाळंतपणात बायका का दगावतात, याचा शोध घेऊन त्यांनी त्याचे सार तीन विलंबांत मांडले. पहिला विलंब घरातला : धोका ओळखण्यात आणि निघण्याचा निर्णय घेण्यात गेलेला वेळ. दुसरा वाटेतला : वाहन, रस्ता, नदी, पैसे. तिसरा दवाखान्यातला : डॉक्टर नाही, औषध नाही, रक्त नाही, किंवा लक्ष देणारे माणूस नाही. तो निबंध मी वाचला तेव्हा मला वाटले, हे तर माझ्या खाडीकाठच्या त्या एका दिवसाचेच वर्णन आहे. तिन्ही विलंब त्या एका बाईच्या वाट्याला आले होते.

यात वैद्यकाचे कोणतेही गूढ नाही. बाळंतपणात जीव घेणारी मुख्य कारणे चार-पाचच आहेत : अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब व त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेली बाळंतीण आणि असुरक्षित गर्भपात. रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन आहे, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट आहे, संसर्गासाठी प्रतिजैविके आहेत. ही औषधे जुनी आहेत आणि महागही नाहीत. तरीही जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात वा बाळंतपणात मरण पावल्या. त्यांतल्या दर शंभरांपैकी नव्वदांहून अधिक गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. पहिल्या महिन्यातच जग सोडून जाणाऱ्या अर्भकांची संख्या २०२२ साली सुमारे २३ लाख होती. उपाय ठाऊक आहे, तो स्वस्त आहे, आणि तरी तो वेळेवर पोचत नाही. मग दोष कोठे आहे?

याचे उत्तर शोधायला मी आपल्याला बांगलादेशात नेते. हे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. तिथली भाषा वेगळी आहे, पण घरची रीत आपल्या ओळखीची आहे : पडदा, सासू-सून, लवकर लग्ने, आखातात कमावायला गेलेला मुलगा. त्या देशाने १९९४ साली ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांत शिकणाऱ्या मुलींसाठी देशभर विद्यावेतन सुरू केले. अटी तीनच होत्या. मुलीची हजेरी शेकडा ७५ हवी, परीक्षेत शेकडा ४५ गुण हवेत, आणि शाळा संपेपर्यंत तिचे लग्न होता कामा नये. रक्कम मोठी नव्हती, परंतु ती मुलीच्या स्वतःच्या नावावर बँकेत जमा होत असे. बापाला मुलीचे लग्न पुढे ढकलायला एक सन्मानाचे कारण मिळाले. माध्यमिक शाळांचे वर्ग मुलींनी भरू लागले.

आता पुढचे आकडे पाहा. १९९८ ते २००१ या काळात बांगलादेशात दर लाख जन्मांमागे ३२२ माता दगावत होत्या. २०१० च्या पाहणीत हा आकडा १९४ वर आला. दहा वर्षांत शेकडा चाळीस घट! अभ्यासकांनी कारणे तपासली तेव्हा त्यांत काही गोष्टी ठळक दिसल्या. बायकांना मुले कमी आणि अंतराने होऊ लागली होती, शिकलेल्या आयांची संख्या वाढली होती, आणि अडचण येताच दवाखान्याकडे धाव घेण्याचे प्रमाण वाढले होते. म्हणजेच पहिला विलंब, घरातला विलंब, कमी झाला होता. शाळेत दिलेल्या विद्यावेतनाचे फळ बाळंतिणीच्या खोलीत दिसू लागले होते.

परंतु गोष्ट इथे संपत नाही, आणि उरलेला भाग लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१६ साली पुन्हा पाहणी झाली. दरम्यान दवाखान्यात होणारी बाळंतपणे शेकडा २३ वरून ४७ वर गेली होती, म्हणजे दुप्पट. मग मृत्यू किती कमी झाले असतील? आकडा आला १९६. मृत्यू घटलेच नव्हते! घरे सुधारली, बायका दवाखान्याच्या दारापर्यंत पोचल्या, पण दाराच्या आत रात्री-अपरात्री प्रशिक्षित माणूस नव्हते, औषध हाताशी नव्हते. तिसरा विलंब तसाच उभा होता. निम्म्याहून अधिक मृत्यू रक्तस्राव आणि झटके या दोनच कारणांनी झाले होते.

दवाखान्यातला हा विलंबही दूर करता येतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. बाळंतपण होताच बाईच्या अंगाखाली खुणा केलेली एक साधी प्लॅस्टिकची पिशवी ठेवायची, म्हणजे रक्त किती गेले ते नजरेच्या अंदाजाने न ठरवता मोजता येते. मर्यादा ओलांडली की सर्व उपचार एकामागून एक न थांबता एकदमच सुरू करायचे. एवढ्याने गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम शेकडा ६० नी कमी झाले. यंत्र कोणते, तर एक पिशवी! खरी गरज होती ती शिस्तीची आणि शिकलेल्या परिचारिकेची.

आता अर्भकांकडे वळते, आणि त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रात येते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. तिथे हजार जन्मांमागे साठाहून अधिक अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत. रुग्णालये दूर होती. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांचे शिक्षण किती? पाचवी ते दहावी! त्यांना नवजात बाळाचा श्वास पाहायला, वजन करायला, ऊब द्यायला, अंगावर पाजण्यास आईला मदत करायला, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायला आणि वेळ पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. या ‘आरोग्यदूत’ बाया घरोघर जात राहिल्या. तीन वर्षांत मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले, आणि २०११ पासून आपल्या देशातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ज्या ठराविक भेटी देतात, त्यांचे मूळ या प्रयोगात आहे.

पालकहो, पाचवी ते दहावी शिकलेल्या बाईने हे केले. तेव्हा “मुलीला दहावीपर्यंत शिकवून काय करायचे?” हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला, तर त्याला गडचिरोलीचा रस्ता दाखवा.

आता एक कडू गोष्ट. अनेक घरांतून मला ऐकायला मिळते की आमच्या बायका पुरुष डॉक्टराकडे जाणार नाहीत. मी त्या भावनेचा आदर करते. मग त्याच घरात विचारते, तुमची मुलगी बारावीला विज्ञान शाखेत आहे का? परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला पाठवणार का? तेव्हा उत्तर येते, “वसतिगृहात कशी ठेवायची?” आता सांगा, बाईला पुरुष डॉक्टर नको आणि मुलीला डॉक्टर वा परिचारिका होऊ द्यायचे नाही, या दोन गोष्टी एकत्र कशा चालतील? अफगाणिस्तानात २००२ नंतर गावोगावच्या मुली निवडून त्यांना बाळंतपणाचे रीतसर शिक्षण देऊन त्याच गावी परत पाठवण्याचे मोठे काम झाले. तेव्हाही अडचण हीच येई, की पुरेशा इयत्ता शिकलेली मुलगी दुर्गम गावात सापडत नसे. पुढे २०२१ नंतर तिथे मुलींच्या माध्यमिक शाळा बंद पडल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका व सुईण होण्याचे शिक्षणही मुलींना बंद करण्यात आले. शाळेचे दार बंद झाले की काही वर्षांनी बाळंतिणीच्या खोलीचे दारही बंद होते, हे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

आपल्याकडे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. २००१ ते २००३ या काळात भारतात लाख जन्मांमागे ३०१ माता दगावत. २०१९ ते २०२१ या काळात हा आकडा ९३ झाला. महाराष्ट्राचा २०१८ ते २०२० चा आकडा ३३ होता. नवजात अर्भकांचा धनुर्वात, ज्याने एकेकाळी गावेच्या गावे हळहळत, तो आटोक्यात आल्याचे २०१५ साली जाहीर झाले. परंतु समाधान मानून बसू नका. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले, आणि वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर तरुणींपैकी बावीसजणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. रक्त आधीच कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही भोवतो. म्हणून बाळंतपणाची तयारी नवव्या महिन्यात सुरू होत नाही. ती मुलीच्या वाढत्या वयात, तिच्या ताटात सुरू होते. भावाच्या ताटात अंडे आणि बहिणीच्या ताटात नुसता रस्सा, असे ज्या घरात असेल तिथे ही तयारी बिघडलीच म्हणायची. पुण्याजवळच्या सहा गावांत झालेल्या एका अभ्यासात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक खाणाऱ्या गरोदर बायकांची बाळे अंगाने भरलेली आढळली. आणि ज्या घरी मिसरी लावण्याची सवय आहे, तिथे माझे हात जोडून सांगणे आहे : मिसरी म्हणजे तंबाखू, आणि ती पोटातल्या बाळाचे वजन घटवते.

आता घरी गेल्यावर काय करायचे, ते थोडक्यात सांगते. विद्यार्थ्यांनी हे वहीत लिहून घ्यावे.

गरोदर बाईची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांतच करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणीची योजना २०१६ पासून आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण व जाण्या-येण्याचे वाहन मोफत मिळण्याचा हक्क २०११ पासून आहे. तो हक्क आहे, उपकार नव्हे; तेव्हा संकोच न करता मागा. तातडीच्या वाहनासाठी १०८ आणि बाळंतिणीसाठी १०२ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

पुढील लक्षणे दिसली तर वाट पाहू नका : अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, झटके येणे, ताप, पोटातल्या बाळाची हालचाल मंदावणे, पाणी जाऊनही कळा न येणे, किंवा बारा तास कळा देऊनही सुटका न होणे.

बाळ जन्मले की ते कोरडे पुसा आणि आईच्या उघड्या छातीशी ठेवा. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका. तासाभरात अंगावर पाजा. तो पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नका. बाळाचे ते पहिले संरक्षण आहे. आपल्याकडे बाळाच्या कानात अजान देतात. ती देऊन झाली की तितक्याच तत्परतेने बाळ आईच्या कुशीत द्या. मध मात्र वर्षभर देऊ नये, कारण त्यात क्वचित असे जंतू असतात की ते तान्ह्या बाळाला घातक ठरतात. गुटी आणि वरचे पाणी सहा महिने नकोच. बाळ कमी दिवसांचे असेल तर ते आईच्या किंवा बापाच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास, पेट्या कमी पडल्या म्हणून, डॉक्टरांनी सुरू केलेली ही पद्धत आज जगभर मान्य झाली आहे. आणि बाळ दूध ओढेनासे झाले, गार पडले, धापा टाकू लागले, लुळे पडले, किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, तर झाडपाला आणि गंडेदोरे यांत एक तासही घालवू नका.

पण या साऱ्यांहून महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगायची ठेवली आहे. त्या खाडीकाठच्या सासूबाई दोन वर्षांनी पुन्हा माझ्या दवाखान्यात आल्या. या वेळी धाकटी सून होती, आठवा महिना चालू होता. माझ्याशी नजर मिळवायला त्या प्रथम कचरत होत्या. मग त्यांनी ओढणीची गाठ सोडली. आत काही नोटा होत्या, एका जीपवाल्याचा पत्ता होता, आणि रक्त द्यायला तयार असलेल्या दोन पुतण्यांची नावे चिठ्ठीवर लिहिली होती. त्याखाली आणखी एक कागद होता : मुलाचे पत्र. धाकटाही तोवर आखातात गेला होता. त्यात लिहिले होते की वेळ आली तर मला विचारायला थांबू नये. अम्मी आणि ती मिळून जे ठरवतील ते मला मान्य आहे. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, या वेळी मी आधीच विचारून ठेवले आहे.” ते बाळंतपण सुखरूप पार पडले.

माझी आपणा सर्वांना एवढीच विनंती आहे. आपल्या घरात सून, मुलगी, बहीण गरोदर असेल तर सातव्या महिन्याच्या आत हे पत्र तयार करा. प्रत्यक्ष कागदावर लिहा किंवा सर्वांना बसवून तोंडी ठरवा, पण ठरवा. आज हातोहाती फोन आहेत, तरीही “ते आल्यावर बघू” हे वाक्य मी दवाखान्यात अजून ऐकते. वेळ आल्यावर जे माणूस घरात हजर असेल, त्याला निघण्याचा अधिकार असलाच पाहिजे. आणि पहिला अधिकार तिचा स्वतःचा, जिच्या अंगातले रक्त वाहते आहे.

विद्यार्थिनींनो, तुम्ही शिकता आहात ते केवळ गुणपत्रिकेसाठी नाही. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचणारी, १०८ क्रमांक फिरवणारी, “आता निघायचे” असे ठामपणे म्हणणारी बाई या शाळेतून तयार होते. तुमच्यापैकी काहीजणी परिचारिका व्हा, डॉक्टर व्हा. आपल्या बायका तुमची वाट पाहत आहेत. आणि मुलांनो, हा बायकांचा विषय म्हणून उठून जाऊ नका. १९८३ साली सायकलवर पाय मारत पोस्टात गेलेला तो दीर तुमच्याच वयाचा होता. त्याला कोणी शिकवले असते की अशा वेळी परवानगीची वाट पाहायची नसते, तर त्याने ती सायकल पोस्टाकडे न वळवता होडीवाल्याकडे वळवली असती.